साताऱ्याचे राजवाडे आणि त्यांचे वारस

राजवाडा पाहावयास जाणाऱ्या मनुष्याची दृष्टि बहुधा वर लागलेली असते. कोरीव तुळया, महिरपी, हंड्या-झुंबरें, आरसे आणि तसबिरी पाहून तो थक्क होतो, आणि "काय तें वैभव!" असा एक सुस्कारा टाकून बाहेर पडतो. त्या सुस्काऱ्यांत इतिहासाविषयींचा जिव्हाळा असतो हें खरें. पण चौकशी नसते. हा वाडा कोणीं बांधला, बांधतेवेळीं त्याच्या हातीं राज्य किती होतें, आणि त्याच्या पश्चात् वाडा कोणाच्या ताब्यांत गेला, हे तीन साधे प्रश्न मनांत ठेवून आपण दरबाराच्या दिवाणखान्यांत उभे राहिलों, तर तेच खांब आणि तेंच छत निराळें दिसूं लागतें. हे प्रश्न प्रस्तुत लेखांत साताऱ्याच्या दोन राजवाड्यांस विचारावयाचे आहेत, आणि जोडीला सांगलीच्या राजवाड्यासही. सातारा आणि सांगली यांची जोडी केवळ शेजारामुळें घातलेली नाहीं. साताऱ्याचें राज्य १८४८ सालीं वारसाच्या प्रश्नावर बुडालें. सांगलीचें संस्थान त्यानंतर १०० वर्षांनीं, १९४८ सालीं, लोकांच्या राज्यांत विलीन झालें. दोन वाडे एकाच कृष्णेच्या खोऱ्यांतले. पण त्यांचा शेवट दोन तऱ्हांनीं झाला, आणि त्या दोन तऱ्हांच्या मध्यें आपल्या देशाचा एक शतकाचा इतिहास सांठलेला आहे.

साताऱ्यांत आज 'राजवाडा' म्हटलें म्हणजे रिक्षावाल्याच्या डोळ्यांपुढें छत्रपति उभे राहत नाहींत. बसचा थांबा, गोल बाग आणि सायंकाळीं खाद्यपदार्थांच्या गाड्यांभोंवतीं जमणारी गर्दी, हीं उभीं राहतात. ह्यांत विषाद मानण्याचें कारण नाहीं. जुन्या वास्तूचें नांव लोकांच्या नित्य व्यवहारांत राहावें हेंही एक प्रकारचें जतनच आहे. पण त्या गर्दींतून मान वर करून पाहिलें म्हणजे एकमेकांस लागून असलेले दोन विस्तीर्ण वाडे दिसतात. एक जुना राजवाडा व दुसरा नवा राजवाडा. पाठीशीं अजिंक्यताऱ्याची भिंतीसारखी सरळ कड. बाहेरगांवाहून येणारा पाहुणा हा किल्ला आणि हे वाडे एकाच दमांत पाहतो आणि हें सगळें शिवशाहीचेंच, अशी समजूत करून घेऊन परत जातो. वस्तुस्थिति तशी नाहीं. किल्ल्याचा काळ आणि वाड्यांचा काळ यांत फार मोठें अंतर आहे, आणि तें अंतर वर्षांपेक्षांही अधिक सत्तेचें आहे.

शाहू छत्रपतींचें राज्यारोहण १२ जानेवारी १७०८ रोजीं साताऱ्यास झालें, आणि पुढें किल्ल्याच्या पायथ्याशीं त्यांनीं शहर वसविलें, म्हणून त्यास शाहूनगर हें नांव पडलें. ह्या शहरांतून एके काळीं दूरदूरच्या मोहिमांची वस्त्रें दिलीं जात. परंतु १५ डिसेंबर १७४९ रोजीं शाहू महाराज वारले, आणि राज्याचा कारभार कायमचा पुण्यास गेला. मागें राहिली ती गादी. तिचा मान राहिला, पण अधिकार गेला. पेशव्यांनीं वस्त्रें साताऱ्याहून आणावयाचीं आणि छत्रपतींनीं साताऱ्याबाहेर पाऊल टाकावयाचें नाहीं, अशी ती व्यवस्था होती. ज्यांनीं हे दोन्ही वाडे आपल्याला दाखविले त्या प्रतापसिंह महाराजांचा जन्म १८ जानेवारी १७९३ चा. १८०८ सालीं ते गादीवर आले. म्हणजे एका बंदिवासाचे धनी झाले. राजवाडा हा शब्द त्यांच्या बालपणीं पहाऱ्याशीं जोडलेला होता, हें वाड्याच्या दिवाणखान्यांत उभें राहतांना विसरून चालणार नाहीं.

१८१८ च्या फेब्रुवारींत आष्टीच्या लढाईंत बापू गोखले पडले, आणि बाजीरावाच्या छावणींत असलेले छत्रपति इंग्रजांच्या हातीं लागले. एल्फिन्स्टनसाहेबांनीं पेशवाई संपविली, पण मराठ्यांच्या मनाचें समाधान राहावें म्हणून छत्रपतींस एक राज्य काढून दिलें. २५ सप्टेंबर १८१९ रोजीं तह झाला. वारणेपासून नीरेपर्यंत आणि सह्याद्रीपासून पंढरपूर-विजापुराच्या बाजूपर्यंतचा मुलूख महाराजांस व त्यांच्या वारसांस दिला गेला. अट अशी कीं, परराज्याशीं पत्रव्यवहार करावयाचा नाहीं, फौज वाढवावयाची नाहीं, आणि रेसिडेंटाच्या सल्ल्यानें चालावयाचें. हें राज्य तलवारीनें मिळविलेलें नव्हतें. कराराच्या कागदावर मिळालेलें होतें. आणि जें कागदानें मिळतें तें कागदानेंच परत जाऊं शकतें, ह्याची प्रचीति पुढें यावयाची होती.

पहिले रेसिडेंट जेम्स ग्रँट. हेच पुढें ग्रँट डफ म्हणून प्रसिद्धीस आले, व त्यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं छापून निघाला. चार वर्षें त्यांनीं कारभार स्वतः चालविला, आणि तरुण राजास हिशेब, दप्तर व न्यायाचें काम शिकविलें. १८२२ च्या एप्रिलांत पूर्ण अधिकार महाराजांकडे आले. बंदिवासांत वाढलेल्या मनुष्यानें हातीं सत्ता येतांच ख्यालीखुशालींत बुडून जावें, हें मनुष्यस्वभावास धरून झालें असतें. प्रतापसिंहांनीं तसें केलें नाहीं. ते स्वतः रोजनिशी ठेवीत. त्यांनीं साताऱ्याहून महाबळेश्वरास रस्ता केला. १८२९ सालीं कंपनीशीं तह करून महाबळेश्वराचें पठार देऊन त्याच्या बदल्यांत खंडाळें गांव घेतलें. यवतेश्वर-महादऱ्याच्या बाजूनें शहरांत पाणी आणण्याची तजवीज केली. पाठशाळा काढली आणि छापखाना घातला. जुना राजवाडा ह्याच उमेदीच्या दिवसांतला, १८२४ सालचा आहे.

आतां वाड्याच्या अंगाकडे पाहूं. मराठी वाडा कसा वाचावा हें एकदां कळलें म्हणजे थक्क होण्यापेक्षां अधिक आनंद मिळतो. खालीं घडीव दगडाचें जोतें, त्यावर सागवानी लांकडाचा सांगाडा, आणि सांगाड्याच्या मधल्या जागा भरून काढणाऱ्या विटांच्या भिंती, ही त्याची घडण होय. भार वाहतात ते खांब. भिंती केवळ आडोसा करतात. म्हणून आपल्या लोकांनीं घराचें मोजमाप फुटांनीं केलें नाहीं, खणांनीं केलें. दोन खांबांमधलें अंतर म्हणजे एक खण. आणि अमक्याचें घर इतक्या खणांचें, असें म्हटलें कीं त्याची योग्यता कळे. एका तुळईची लांबी झाडाच्या लांबीपेक्षां जास्त होऊं शकत नाहीं, आणि तिच्यावर माळवदाचा अथवा वरच्या मजल्याचा भार असेल तर तितकीही वापरतां येत नाहीं. त्यामुळें दिवाणखाना जों जों मोठा करावा तों तों खांबांची संख्या वाढते. राजवाड्याच्या सभागृहांत जी खांबांची दाटी आपल्याला भव्य वाटते, ती आधीं गरज आहे आणि मग शोभा. आपल्या सुतारांचें कौशल्य असें कीं, त्यांनीं ती गरज लपविली नाहीं. खांबास सुरूच्या झाडाचा आकार दिला, दोन खांबांच्या मध्यें महिरप बसविली, तिच्या टोकाशीं केळफूल लोंबतें ठेविलें, आणि जें टेकूं म्हणून आलें होतें त्यासच अलंकार केलें.

दुसरी गोष्ट चौकांची. वाडा बाहेरून किल्ल्यासारखा बंद आणि आंतून आकाशाला उघडा असतो. पहिल्या चौकांत शिपाई-प्यादे, कारकून व अर्जदार. त्यापुढील चौकांत सदर व दरबार. आणि सर्वांत आंत देवघर, मुदपाकखाना व राणीवसा. मनुष्याची पायरी काय आहे हें तो किती चौक ओलांडूं शकतो ह्यावरून ठरे. दरबाराच्या दिवाणखान्यांत गादी जमिनीवर, लोड-तक्क्यांसह. आणि तिच्यापासून कोण किती हातांवर बसला ह्यावर मानपान. त्या काळच्या संस्थानी दरबारांतून साहेबलोकांनीं खुर्चीवर बसावें कीं बैठकीवर, बूट काढावे कीं घालून यावें, ह्यावर केवढे खलिते लिहिले गेले हें आतां हास्यास्पद वाटतें. पण जेथें खऱ्या अधिकाराचा निकाल आधींच लागलेला असतो, तेथें झगडा बैठकीवरच व्हावयाचा.

नवा राजवाडा १८३८ ते १८४४ या वर्षांत बांधला गेला. त्याचें काम स्मिथ नांवाच्या इंजिनियरानें केलें, आणि वेण्णा व कृष्णा या नद्यांवरील पूलही त्याच्याच हातचे. त्या वाड्याचें मुख्य आकर्षण म्हणजे सागवानी खांबांनीं तोललेला विशाल दिवाणखाना आणि दर्शनी भिंतीवर काढलेलीं पौराणिक प्रसंगांचीं चित्रें. मांडलिक राजे हातची सत्ता गेल्यावर वाडे बांधून मन रमवीत, असें एक सोपें विधान आपल्याकडे नेहमीं केलें जातें. तें साताऱ्यास सर्वस्वीं लागूं पडत नाहीं. ज्यानें दिवाणखाना उभारला त्यासच नदीवर पूल बांधावयास लावणारा राजा केवळ विलासी म्हणतां येत नाहीं. मात्र दुसऱ्या बाजूनेंही पाहिलें पाहिजे. पूल आणि दिवाणखाना ह्या दोहोंचा पैसा एकाच ठिकाणाहून, म्हणजे कृष्णाकांठच्या व माणदेशच्या कुणब्याच्या साऱ्यांतून आला. पुलावरून त्याची गाडी तरी गेली. दिवाणखान्यांत त्याचें पाऊल पडलें नाहीं. वैभवाचा सुस्कारा टाकतांना हा हिशेबही ध्यानांत असावा.

ह्या बांधकामाच्या दोन तारखांच्या मध्यें, १८३९ सालीं, राजवाड्याच्या इतिहासांतली सर्वांत मोठी घटना घडली. कंपनीच्या पलटणींतील शिपायांस फितविल्याचा, गोव्याच्या पोर्तुगीजांशीं संधान बांधल्याचा आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशीं पत्रव्यवहार केल्याचा, असे तीन आरोप प्रतापसिंहांवर ठेवण्यांत आले. उघड चौकशी झाली नाहीं. ऑगस्टांत मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्यास आले, आणि त्यांनीं महाराजांपुढें एक मार्ग ठेविला: दोष कबूल असल्याच्या लेखावर सही करावी, म्हणजे गादी व राज्य पूर्ववत् राहील. एका सहीचें काम होतें. ज्याचा एक वाडा उभा होता व दुसरा उभा राहत होता, त्या मनुष्यास ती सही करण्याचा मोह पडला असता तर कोणी फारसें नांव ठेविलें नसतें. महाराजांनीं सही नाकारली. जें आपण केलें नाहीं तें केलें असें लिहून देणें नाहीं, हा त्यांचा निश्चय होता. ५ सप्टेंबर १८३९ रोजीं पहाटे रेसिडेंट ओव्हन्स यांनीं त्यांस राजवाड्यांतून पालखींत घालून नेलें. पहिला मुक्काम जवळच्या लिंब गांवीं पडला आणि तेथून पुढें काशीची वाट धरली. काशींतच १४ ऑक्टोबर १८४७ रोजीं त्यांचा अंत झाला. ज्या नव्या राजवाड्याचा पाया त्यांच्या अमदानींत पडला, त्यांत दरबार भरविण्याचें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

गादीवर त्यांचे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब बसले आणि वाडा पुरा झाला. लोकांच्या मनांत त्यांच्याविषयीं अढी राहिली; भावाच्या जागीं बसलेल्या भावाविषयीं ती राहावयाचीच. तथापि रस्ते, पूल व शिक्षण यांवर त्यांनीं खर्च केला हें नाकारतां येत नाहीं. ५ एप्रिल १८४८ रोजीं तेही वारले. औरस संतति नव्हती. मरणापूर्वीं कांहीं तास त्यांनीं यथाशास्त्र दत्तक घेतला होता. तिकडे प्रतापसिंहांनींही काशींत दत्तक घेतलेला होता. येथें तहांतला तो लहानसा शब्द पुढें आला: वारस. आपल्या धर्मशास्त्राप्रमाणें दत्तक पुत्र हा पूर्ण वारस. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क आणि रेसिडेंट बार्टल फ्रियर यांचें मत राज्य चालूं ठेवावें असेंच होतें. पण कलकत्त्यास लॉर्ड डलहौसी नुकतेच आले होते. त्यांनीं भेद केला तो असा कीं, खासगी मालमत्ता दत्तकास मिळेल. राज्य मात्र सार्वभौम सत्तेच्या संमतीवांचून मिळणार नाहीं. १८४९ च्या आरंभीं लंडनच्या डायरेक्टरांनीं ह्या मतावर शिक्का मारला. पुढें झांशी, नागपूर इत्यादि राज्यांवर जो वरवंटा फिरला त्याचा पहिला मोठा प्रयोग साताऱ्यावर झाला. दिवाणखान्याचें काम पुरें होऊन पुरतीं चार वर्षें झालीं नव्हतीं, तोंच त्या गादीवर बसावयास कायद्याच्या दृष्टीनें मनुष्य उरला नाहीं.

राज्य गेल्यावर राजवाड्याची व्यथा कोणीं वाहिली? रंगो बापूजी गुप्ते धन्याची दाद मागण्यासाठीं विलायतेस गेले होते, व सुमारें तेरा-चौदा वर्षें त्यांनीं लंडनच्या सभांतून, वर्तमानपत्रांतून आणि पार्लमेंटच्या सभासदांकडे फिरून ती मागितली. १८५३ सालीं ते रिकाम्या हातांनीं परतले. पुढें १८५७ च्या धामधुमींत साताऱ्यास जो कट उघडकीस आला, त्यांत ते निसटून गेले आणि पुन्हां कोणास दिसले नाहींत. त्यांचा पुत्र सीताराम मात्र सांपडला. ८ सप्टेंबर १८५७ रोजीं साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांस देहान्त शिक्षा झाली, त्यांत तोही होता. राजवाडा पाहावयास येणाऱ्यांनीं थोडी वाट वांकडी करून गेंडामाळाकडेही जावें. वाड्यांतील छताची किंमत कळावयास त्याचा उपयोग होतो.

वाडे ओस मात्र पडले नाहींत. नव्या राजवाड्यांत इंग्रज सरकारच्या न्यायकचेऱ्या बसल्या. ज्या दिवाणखान्यांत गादी असावयाची तेथें न्यायाधीशाचें मेज आलें, आणि ज्या कुणब्याचें पाऊल तेथें पडलें नव्हतें तो आतां बांधाच्या फिर्यादीसाठीं तेथें येऊन बसूं लागला. स्वराज्यानंतरही बराच काळ हाच परिपाठ चालला. जुन्या राजवाड्यांत शाळा आली, व तिला आज प्रतापसिंह हायस्कूल हेंच नांव आहे. ह्या शाळेंत ७ नोव्हेंबर १९०० रोजीं इंग्रजी पहिलीच्या वर्गांत एका लष्करी सुभेदाराच्या मुलाचें नांव दाखल झालें. पटावरचा क्रमांक १९१४, नांव भिवा रामजी आंबेडकर. ती नोंद शाळेनें जपून ठेविली आहे, आणि २०१७ पासून महाराष्ट्र सरकार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतें.

ह्या नोंदीकडे केवळ अभिमानानें पाहून भागत नाहीं. १८३० च्या सुमारास ह्याच साताऱ्यांत वेदोक्ताचा वाद पेटला होता. छत्रपतींस क्षत्रिय म्हणून वेदोक्त संस्कारांचा अधिकार आहे कीं नाहीं, असा तो प्रश्न. आणि त्यांत प्रतापसिंहांच्या विरुद्ध पक्षाचे एक प्रमुख पुढारी होते सांगलीचे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन. राजवाड्याचा धनी असूनही जन्माचा दाखला दुसऱ्यापुढें मांडण्याची पाळी ज्या राजावर आली, त्याच्याच वाड्यांत सत्तर वर्षांनीं हा मुलगा शिकावयास आला. आणि त्यास वर्गांत इतर मुलांपासून वेगळें, कोपऱ्यांत, घरून आणलेल्या तरटावर बसावें लागे, हें त्यांनींच पुढें लिहून ठेविलें आहे. चौक ओलांडण्याचा अधिकार मिळाला होता. बैठकीचा अजून मिळावयाचा होता. राजा गेला म्हणून दरबारची बैठक आपोआप मोडत नाहीं. ती मोडावयास ह्याच विद्यार्थ्याला पुढें राज्यघटनेच्या मसुद्यावर बसावें लागलें.

आतां कृष्णेच्या ओघानें खालीं सांगलीस येऊं. मिरजेच्या आपल्या चुलत्यांपासून विभक्त होऊन चिंतामणरावांनीं १८०१ सालीं सांगली ही आपली राजधानी केली, गणेशदुर्ग हा किल्ला बांधला, आणि त्यांत राजवाडा उभा राहिला. वेदोक्ताच्या वादांत त्यांनीं घेतलेली बाजू आज आपल्याला पटणार नाहीं. पण त्यांच्याच राजवाड्यांत महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासांतला एक मंगल प्रसंग घडला. ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं विष्णुदास भावे यांनीं चिंतामणरावांच्या आश्रयाखालीं 'सीतास्वयंवर' नाटकाचा प्रयोग केला, आणि तोच दिवस आपण मराठी रंगभूमि दिन म्हणून पाळतों. साताऱ्यास नव्या राजवाड्याचे खांब उभे राहत होते तेव्हांचीच ही गोष्ट. एका दिवाणखान्याच्या भिंतीवर पुराणांतले प्रसंग चित्ररूपानें उभे राहिले. दुसऱ्यांत ते बोलूं-चालूं लागले.

वारसाचा प्रश्न सांगलीसही आलाच. चिंतामणरावांचे पुत्र धुंडिराजराव तात्यासाहेब १९०१ सालीं निपुत्रिक वारले. साताऱ्याचा न्याय लावावयाचा तर सांगली तेव्हांच खालसा व्हावयास हवी होती. पण मध्यें १८५७ साल होऊन गेलें होतें. १८५८ चा राणीचा जाहीरनामा निघाला होता, आणि १८६२ च्या सुमारास लॉर्ड कॅनिंग यांनीं संस्थानिकांस दत्तकाच्या सनदा दिल्या होत्या. त्यामुळें १९०३ सालीं खुद्द इंग्रज सरकारनेंच पटवर्धनांच्या घराण्यांतून एक मुलगा निवडून गादीवर बसविला. तेच सांगलीचे शेवटचे राजे, दुसरे चिंतामणराव. ज्या दत्तकाच्या मुद्द्यावर साताऱ्याचें राज्य बुडविलें, तो मुद्दा अर्ध्या शतकांत सरकारला अगदीं किरकोळ वाटूं लागला. यावरून एवढेंच सिद्ध होतें कीं, साताऱ्याचा निकाल धर्मशास्त्रावर लागला नव्हता, तहाच्या शब्दांवरही नव्हता. तो सोयीवर लागला होता.

८ मार्च १९४८ रोजीं सांगली संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. १९४९ सालीं जो नवा जिल्हा झाला त्यास आरंभीं दक्षिण सातारा असें नांव होतें. १९६० सालीं तें बदलून सांगली झालें. सांगलीच्या राजवाड्याच्या आवारांत सरकारी कचेऱ्या आल्या, म्हणजे साताऱ्याच्या वाड्यास शंभर वर्षांपूर्वीं जें भोगावें लागलें तेंच बाह्यतः येथें झालें. पण दोहोंत भेद आहे. साताऱ्याचा वाडा परक्यानें हिसकावला. सांगलीचा वाडा काळाचें पाऊल ओळखून सोडण्यांत आला. म्हणूनच सांगलीस राजघराण्याचा गणपति आजही दरबार हॉलमध्यें बसतो, आणि पांचव्या दिवशीं त्याच्या मिरवणुकीस सारें शहर लोटतें. साताऱ्यास छत्रपतींच्या घराण्याविषयींचा आदर काडीइतका उणा नाहीं. उलट अधिकच आहे. पण त्या आदराशीं एक जुनी सल मिसळलेली आहे.

राजवाड्यांतील वस्तूंची पांगापांग हीदेखील त्याच कथेचें एक प्रकरण होय. २०२४ च्या जुलैंत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतून वाघनखें उसनीं आणून साताऱ्याच्या छत्रपति शिवाजी महाराज संग्रहालयांत ठेवण्यांत आलीं, तेव्हां तीं पाहावयास दूरदूरचे लोक आले. हीं वाघनखें साताऱ्याचे रेसिडेंट असतांना ग्रँट डफ यांस मिळालीं, असा त्यांच्या पेटीवर लेख आहे. अफझलखानाच्या वधाच्या वेळचीं तीं हींच, असें खात्रीनें सांगतां येत नाहीं, हें त्या संग्रहालयानेंही म्हटलें आहे. ह्यावर पुष्कळ वाद झाला. त्या वादांत एक साधी गोष्ट मागें पडली. उसन्या आणलेल्या एका वस्तूसाठीं आपण जेवढी धडपड केली, तेवढी त्याच शहरांत आपल्या स्वतःच्या मालकीच्या दोन वाड्यांसाठीं केली आहे काय?

हा प्रश्न पुसण्याचें कारण आहे. दगडाचा किल्ला शतकें तग धरतो. सागवानी वाडा तसा नाहीं. कौलें फुटलीं, पाणी तुळईच्या तोंडाशीं मुरलें, वाळवी लागली, कीं एक खांब बसतो. आणि जेथें सर्व भार खांबांवरच आहे तेथें एक खांब बसला म्हणजे शेजारचे दोन वांकतात. अशा वास्तूस एकदांच्या भपकेदार जीर्णोद्धारापेक्षां दरसालच्या पावसाळ्यापूर्वीं होणारी डागडुजी अधिक हितावह असते. ती घरच्या माणसानें करावयाची असते, आणि साताऱ्याचा नवा राजवाडा नीट जतन व्हावा ही त्या शहराची मागणी फार दिवसांची आहे. वाडा पडावयास शत्रु लागत नाहीं. चार पावसाळे पुरतात.

डलहौसीनें विचारलें होतें, ह्या राज्याला वारस कोठें आहे? त्या वेळीं उत्तर देणाऱ्यांचें कोणीं ऐकलें नाहीं. आज तोच प्रश्न वाड्याविषयीं विचारला तर उत्तर देण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. ज्याच्या साऱ्यांतून हे खांब आले तो कुणबी, ज्याला तरटावर बसावें लागलें तो विद्यार्थी, आणि ज्यानें सही नाकारून राज्य सोडलें तो राजा, ह्या तिघांचा वारसा ज्यांच्याकडे आला ते आपण सर्व नागरिक ह्या वाड्यांचे वारस आहों. वारसाला मालमत्तेबरोबर कर्जही घ्यावें लागतें, असें आपलें धर्मशास्त्र सांगतें. हें कर्ज फेडावयाचें तर मुलांस सहलीला नेतांना त्यांस झुंबरांबरोबर १८३९ ची ती पहाट आणि १९०० सालची ती नोंदही दाखवावी, आणि नगरपालिकेच्या व सरकारच्या दारीं वाड्याच्या कौलांची आठवण दर उन्हाळ्यांत, पाऊस पडण्यापूर्वीं, करून देत जावी.